व्यसन आणि वसूल

दौंड सोडून मनमाडकडे निघालेली आगगाडी भीमा ओलांडते आणि श्रीगोंदे तालुक्यात शिरते. काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर अशी एकामागून एक स्टेशने येतात. बाहेर कुठे उसाचे हिरवे पट्टे, तर कुठे उघडे माळ. श्रीगोंदे गाव रुळापासून थोडे आत आहे. जुन्या कागदांत त्याचे नाव चांभारगोंदे. वारकऱ्यांना ते शेख महंमदबाबांचे गाव म्हणून ठाऊक, आणि इतिहास वाचणाऱ्यांना शिंद्यांचे गाव म्हणून.

अशा गावाचे नाव घेऊन अफू, गांजा आणि दारू यांची कथा सांगायला बसावे, हे काहींना रुचणार नाही. श्रीगोंदेकर इतरांपेक्षा अधिक व्यसनी आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण या एका तालुक्यावरून गेल्या दोनशे वर्षांत जे धनी गेले, जे कायदे गेले, त्यांचा माग काढीत गेले की व्यसनाची एक बाजू दिसू लागते. ती कीर्तनात येत नाही आणि शाळेतल्या निबंधातही येत नाही. व्यसन पिणाऱ्याला लागते, एवढेच आपण धरून चालतो. पण ज्याच्या तिजोरीत त्या पिण्याचा पैसा पडतो त्यालाही ते लागते, आणि त्याचे सुटणे जास्त कठीण असते. आज मला बोलायचे आहे ते या दुसऱ्या व्यसनाविषयी.

सुरुवात शिंद्यांपासूनच करू. महादजी शिंद्यांनी उत्तरेत केवढा पसारा मांडला हे सर्वांना माहीत आहे. तरी देशावरची गावे, श्रीगोंदे, पारनेरकडचे जामगाव, ही घराण्याकडेच राहिली होती. १८८४ साली छापलेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरात श्रीगोंद्यातल्या शिंद्यांच्या वाड्यांची नोंद आहे. आता श्रीगोंद्याच्या या धन्याच्या माळव्यातल्या मुलखात, उज्जैन, मंदसोर, नीमच या बाजूंना, एक पीक फार चांगले येई. ते म्हणजे अफू. ती श्रीगोंद्यावरून गेली नाही. तिची वाट मुंबईची, आणि मुंबईहून गलबताने चीनची.

बंगाल आणि बिहारमध्ये अफूचा मक्ता कंपनी सरकारने आधीच आपल्या हाती घेतला होता. माळव्याची पंचाईत अशी, की तो मुलूख शिंदे, होळकर अशा संस्थानिकांचा. तेथे कंपनीचा मक्ता चालेना. कंपनीने आधी हा माल अडवून पाहिला. मग सगळा स्वतःच विकत घेऊन पाहिला. तोही डाव जमेना, कारण व्यापारी सिंधमार्गे कराचीला आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमणला चोरून माल नेत. शेवटी १८३० च्या सुमारास साहेबाला शहाणपण सुचले. जाऊ द्या माल मुंबईहून, मात्र प्रत्येक पेटीमागे परवान्याचे पैसे मोजा! साधारण ६० किलोची ती एक पेटी. १८४३ साली सिंध प्रांत इंग्रजांनी घेतला, चोरवाट बंद झाली, आणि मग परवान्याचा दर चढू लागला. पेटीमागे १२५ रुपये होता तो १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर गेला.

चीनच्या बादशहाने ही अफू अडवली, म्हणून १८३९ ते १८४२ पर्यंत युद्ध झाले, आणि १८५६ ते १८६० पर्यंत दुसरे झाले. चीनची माणसे खंगली ती खंगलीच. पण हिंदुस्थानच्या इंग्रज सरकारचे काय झाले हे आपण सहसा पाहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सरकारच्या एकंदर उत्पन्नाचा साधारण सातवा हिस्सा अफूचा होता. विलायतेतले पाद्री आणि खासदार ओरडू लागले की अफू बंद करा, तेव्हा कलकत्त्याहून दरवेळी एकच उत्तर जाई: मग एवढी रक्कम आणायची कोठून? हा प्रश्न लक्षात ठेवा. तो पुन्हा पुन्हा येणार आहे, कधी इंग्रजीत, कधी शुद्ध मराठीत. १९०७ साली चीनशी करार झाला, दहा वर्षांत निर्यात बंद करायची असे ठरले, आणि माळव्याची अफू १९१३ साली थांबली. म्हणजे हे व्यसन सुटायला ऐंशी वर्षे लागली!

आणि घरच्या अफूचे? मुंबईच्या चाळींतली गिरणीकामगार आई कामावर जाताना पोराला अफूची ‘बाळागोळी’ चाटवून निजवीत असे. आज तिला दोष देणे सोपे आहे. बारा-बारा तासांची पाळी, घरी सांभाळायला कोणी नाही. गोळी मिळत होती सरकारी परवान्याच्या दुकानातल्या अफूपासून, बरं का. आई पोराला निजवीत होती आणि सरकार गोळीचा कर मोजीत होते.

आता परत श्रीगोंद्याकडे. १८६० साली शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह होऊन मुलखांची अदलाबदल ठरली. शिंद्यांनी दक्षिणेकडचा मुलूख सोडला, उत्तरेकडे दुसरा घेतला. त्या अदलाबदलीत श्रीगोंद्याची बाजू इंग्रजांकडे आली. त्याच तहात गुजरातेतला पंचमहालही इंग्रजांकडे आला. पंचमहालचा येथे काय संबंध, असे विचाराल. जरा थांबा.

पुढची पंधरा-अठरा वर्षे या तालुक्याला फार वाईट गेली. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो नगर जिल्ह्यात पसरला. पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांतल्या कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकून जाळली. चौकशीसाठी नेमलेल्या मंडळाने एक गोष्ट स्वच्छ सांगितली, की लग्नकार्यातल्या उधळपट्टीमुळे कुणबी कर्जात बुडाला हे म्हणणे वाजवीपेक्षा फुगवलेले आहे. हे मी मुद्दाम सांगतो. गरीब माणूस स्वतःच्या वाईट सवयींनी गरीब झाला, हे सांगायला सत्ताधाऱ्यांना नेहमीच आवडते. त्या मंडळाने ते एकदा तरी नाकारले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. आणि दुष्काळ सरता सरता, १८७८ या एकाच सालात, तीन गोष्टी झाल्या. दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानसाठी अफूचा कायदा झाला. आणि मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा झाला.

अबकारीचा कायदा म्हणजे काय, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. त्यापूर्वी दारू गाळण्याचे काम विखुरलेले होते. ठिकठिकाणी लहान भट्ट्या, त्यांचा लिलाव, आणि देईल त्याला ठेका. नव्या पद्धतीत विखुरलेल्या भट्ट्या बंद करीत आणून, दारू गाळायची ती मोठ्या भट्टीत, सरकारच्या देखरेखीखाली, तिच्यावर गॅलनमागे कर, आणि जिल्ह्याचा मक्ता एका बड्या ठेकेदाराला. तो ठेकेदार सरकारला लिहून देई की वर्षाला अमुक इतकी रक्कम तर मी नक्की भरीन. पुढे किरकोळ दुकानांचे लिलाव होत. या व्यवस्थेचा सूत्रधार चार्ल्स प्रिचर्ड नावाचा अधिकारी, इलाख्याचा पहिला अबकारी कमिशनर. त्याने वर सांगितले की यामुळे दारू महाग होईल आणि लोक कमी पितील. युक्तिवाद कानाला गोड लागतो, आणि थोडा खराही आहे. पण त्याच्या पोटात काय होते पाहा. ज्याने लिलावात मोठी बोली लावून दुकान घेतले, त्याला वर्षाअखेर ती रक्कम भरून काढायची आहे. गिऱ्हाईक कमी आले तर तो बुडणार. मग तो उधार देतो. पैसा नसेल तर धान्य घेतो. बाजाराच्या दिवशी उशिरापर्यंत दिवा ठेवतो. सरकारने कोणाला ‘पी’ म्हणून सांगितले नाही. फक्त गावात एक असा माणूस बसवला, की लोकांनी प्यायल्यावाचून ज्याचे भागत नाही.

आता पंचमहाल. मुंबई इलाख्यातली देशी दारू बहुतेक मोहाच्या फुलांची. मुंबईजवळ उरणला मोठाल्या भट्ट्या होत्या आणि तेथे मोहाच्या फुलांची पोती येत ती गुजरातेतून, पंचमहालच्या रानांतून. म्हणजे ज्या तहाने श्रीगोंद्याचा कुणबी इंग्रजांच्या सारापट्टीत आला, त्याच तहाने दारूचा कच्चा मालही इंग्रजांच्या हाती आला. आदिवासींचे तर अन्नच ते! दुष्काळात मोहफुले खाऊन माणसे जगत. पण फूल घरात असले की दारू गाळणार, या संशयावरून १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावरच कायद्याने बंधने आणली गेली. कशासाठी? माणसाने पिऊ नये म्हणून नव्हे. कर न भरता पिऊ नये म्हणून.

याविरुद्ध कोणी बोललेच नाही असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून दारूच्या दुकानांना परवानगी देण्यास विरोध केला होता. ते स्वतः नगरपालिकेचे सभासद होते. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले आणि पिणाऱ्यांना हात जोडून परत पाठवू लागले. सरकारने धरपकड केली. दुकान कायदेशीर आणि ‘पिऊ नकोस’ म्हणणे बेकायदा, असा तो मामला.

पण नगर जिल्ह्याचे नाव सरकारी दप्तरात दारूपेक्षा गांजासाठी जास्त येते. मुंबई इलाख्यात जी गांजाची लागवड होई, तिच्यात अहमदनगर जिल्हा अग्रभागी होता. उगाच कोठे चार झुडपे लावली असा हा प्रकार नव्हता. चांगले कसबाचे पीक होते ते. नर झाड वेळेवर ओळखून उपटावे लागते. ते राहिले तर मादी झाडाला बी धरते आणि माल बिघडतो. मग मादीचे फुलोऱ्याचे शेंडे कापून खळ्यावर पसरायचे, पायांनी तुडवून चपटे करायचे, वाळवायचे, पुन्हा तुडवायचे. जोंधळ्याच्या खळ्याला लागूनच असले खळे आपल्या जिल्ह्यात पडे, हे आज सांगितले तर नातवंडांना खरे वाटणार नाही. पिणारे कोण? गोसावी, बैरागी, फकीर, आणि त्यांच्या चिलमीला बसणारे गावचे रिकामे लोक. शिवरात्रीला भांग, ती वेगळी.

१८९३ साली पार्लमेंटात केन नावाच्या खासदाराने प्रश्न विचारला की हिंदुस्थानातले लोक गांजाने वेडे होतात, त्याचे काय? त्यावरून सात जणांचे एक कमिशन नेमले गेले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. चार इंग्रज, तीन हिंदी. या कमिशनने १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. त्यातले वेड्यांच्या इस्पितळांचे प्रकरण मला फार मोलाचे वाटते. तोपर्यंत सगळे असे धरून चालले होते की वेड्यांच्या दप्तरात ‘कारण : गांजा’ असे लिहिले आहे, म्हणजे गांजाच. कमिशनने विचारले की हे लिहिले कोणी? तर असे निघाले की वेडा माणूस पोलिसाने धरून आणायचा, सोबतच्या कागदात कारणाचा रकाना असायचा, तो रिकामा ठेवणे बरे नव्हे म्हणून कोणी तरी ‘गांजा’ लिहून टाकायचा, आणि इस्पितळातला कारकून तेच उतरवून घ्यायचा! १८९२ सालच्या १,३४४ वेड्यांपैकी २२२ जणांच्या नावावर गांजा-भांग टाकली होती. एकेकाची छाननी केली तेव्हा २२२ चे ९८ उरले, आणि त्यांतही निव्वळ गांजाचे म्हणावेत असे ६१.

व्यसनाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचावे असे मला वाटते, आणि त्यात मी स्वतःलाही धरतो. आपणही रकाना रिकामा ठेवीत नाही. घर मोडले, लिहा दारू. पोरगा वाया गेला, लिहा गांजा. कधी ते खरे असते. कधी कर्ज, दुष्काळ, बेकारी आधी येते आणि बाटली मागून येते.

मात्र कमिशनचा शेवट पाहा. बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, सबब सरसकट बंदी नको, परवाने आणि कर यांनी ताबा ठेवावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तिघा हिंदी सभासदांपैकी राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद यांनी आपले मत वेगळे नोंदवले. बहुमताची चौकशी प्रामाणिक होती, याविषयी मला शंका नाही. ती नेमकी तिजोरीला सोयीची निघाली, हेही तितकेच खरे.

या गांजाची पुढची हकीकत येथेच सांगून टाकतो, कारण तिच्यात एक मेख आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजा-चरस हळूहळू बंद करण्याचे ठरले. त्याच दशकात अमेरिका-युरोपची तरुण पोरे नशेतून देव गवसेल म्हणून हिंदुस्थानकडे येऊ लागली. नगरजवळ, याच दौंड-मनमाड रुळाला लागून असलेल्या अरणगावला ज्यांचा आश्रम आहे, त्या मेहेरबाबांकडे त्यांतले काही पोहोचले. बाबांनी त्यांना स्पष्ट कळवले की या औषधांनी शरीर, मन आणि अध्यात्म तिन्ही नासतात. आणि १९६६ साली ‘गॉड इन अ पिल?’ या नावाची पुस्तिका अमेरिकेत निघाली. ‘गोळीत देव?’ असा तिचा सरळ अर्थ. १९८५ साली आपल्याकडे अमली पदार्थांचा कडक कायदा झाला आणि गांजा पूर्णपणे बेकायदा ठरला. जो पदार्थ शंभर वर्षे सरकारी परवान्याने विकला जात होता, तो बंद करताना फारशी खळखळ झाली नाही. याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, असे की त्यातले उत्पन्न तोवर आटले होते. दारूचे उत्पन्न आटले नव्हते.

दारूकडे परत येऊ. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतांतली काही खाती हिंदी मंत्र्यांच्या हाती आली. त्यांत शिक्षण होते आणि अबकारीही होती. लोकांच्या प्रतिनिधीला शाळा काढायच्या आहेत, आणि त्याच्या हातातले मोठे उत्पन्न दारूचे! म्हणजे गावात शाळा हवी असेल तर गुत्ता नीट चालला पाहिजे. गांधीजींनी १९३७ साली ‘हरिजन’ पत्रात यावर बोट ठेवले. मुलांच्या शिक्षणासाठी दारूच्या पैशाकडे पाहावे लागावे, हे त्यांना सर्वांत क्रूर वाटले. शाळेने हस्तोद्योगातून आपला खर्च आपण भागवावा ही वर्ध्याची शिक्षणयोजना जी निघाली, तिच्या मुळाशी हा दारूचा हिशेब होता. वर्धा योजना फसली असे आपण म्हणतो. ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर होती हे मात्र विसरतो.

दरम्यान श्रीगोंदे तालुक्याचे नाव वेगळ्याच कारणाने देशभर झाले. तालुक्यातल्या विसापूरला तात्पुरता तुरुंग होता, आणि १९३२ च्या लढ्यात सत्याग्रही तेथे आणून ठेवले जात. गुजरातेतले पुष्कळ होते. उघड्या माळावरचा उन्हाळा त्यांनी भोगला. मीठ, परदेशी कापड आणि दारूची दुकाने ही त्या चळवळीची तीन ठिकाणे. तेव्हा दुकानांपुढे निरोधन करणे हाही तुरुंगात जाण्याचा एक रस्ता होता. बायकांनी हे काम अंगावर घ्यावे असे आवाहन गांधीजींनी १९३० सालीच केले होते, आणि बायकांनी ते घेतलेही.

स्वराज्य आल्यावर वचन पाळण्याची वेळ आली, आणि मुंबई राज्याने ते पाळले, हे मान्य केले पाहिजे. १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून सबंध राज्य कोरडे झाले. उत्पन्नाची खोट विक्रीकराने भरून काढायची हा मार्ग मद्रासेत राजाजींनी १९३९ साली दाखवला होता. मग झाले काय? सधनाला प्रकृतीच्या कारणाने परमिट मिळू लागले, आणि गरिबाला नदीकाठची हातभट्टी. काळा गूळ, नवसागर, आणि पिंपात काय काय टाकतील त्याचा नेम नाही. पोलिसाला हप्ता. म्हणजे वसूल थांबला नाही, फक्त तिजोरी बदलली. १९६३ नंतर राज्याने बंदी सैल करीत नेली. पण कायदा रद्द झाला नाही, बरं का! त्याचे नाव आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असेच आहे. दारूबंदीच्या कायद्याखाली दारूचे परवाने मिळतात, आणि ते देणाऱ्या खात्याचे नाव राज्य उत्पादन शुल्क विभाग. दोन्ही पाट्या शेजारी शेजारी वाचल्या की सगळा इतिहास कळतो.

याच काळात नगर जिल्ह्यात ऊस आला. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० साली उभा राहिला, आणि पुढे श्रीगोंद्यालाही सहकारी कारखाना झाला. त्याने तालुक्याचे भले केले हे निर्विवाद. पण एक टन ऊस गाळला की साखरेबरोबर सुमारे ४० किलो मळी निघते, आणि एक टन मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल होते. त्यातले काही औषधांना, रसायनांना जाते, काही आता पेट्रोलमध्ये मिसळतात, आणि काही देशी दारूच्या बाटलीत जाते. पंचमहालच्या मोहाची जागा आपल्याच रानातल्या उसाने घेतली. ऊस लावणारा, तोडणारा आणि संध्याकाळी बाटली घेणारा ही माणसे कधी कधी एकाच वस्तीतली असतात.

शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला जे घडले ते सर्वश्रुत आहे. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून परत आले तेव्हा गावात तीसपस्तीस भट्ट्या होत्या. गावाने यादवबाबांच्या देवळात बसून त्या बंद केल्या. न ऐकणाऱ्याला खांबाला बांधून मारलेही. मला मारणे पटत नाही. दारुडा आजारी आहे असे म्हणायचे आणि आजाऱ्याला पट्ट्याने मारायचे, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही. पण तेथे दारू हटली ती केवळ माराने नव्हे. पाणी अडवले, विहिरींना पाणी आले, शेती उभी राहिली, आणि भट्टीवर पोट असणाऱ्यांना दुसरे काम मिळाले. गावापुरते का होईना, ‘मग रक्कम कोठून आणायची?’ या जुन्या प्रश्नाला कोणी तरी उत्तर दिले.

राज्याने मात्र दिलेले नाही. उलट ते अधिकच गुंतले आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि बहुतेक करांचे दर राज्याच्या एकट्याच्या हातात राहिले नाहीत. पिण्याची दारू त्यातून बाहेर ठेवली गेली. म्हणजे मनाला येईल तेव्हा वाढवता येतील अशी जी थोडी उत्पन्ने उरली, त्यांत दारू एक. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत देवळे बंद असताना, दारूची दुकाने उघडली ती याच गरजेपोटी. त्या रांगांची आपण चेष्टा केली. रांगेत कोण उभे होते ते दिसले. रांगेची वाट कोण पाहत होते ते दिसले नाही.

सरकारी हिशेबाला जमेची बाजू आहे, खर्चाची नाही. ती घरात असते. समजा एक मजूर रोज शंभर रुपये दारूत घालतो. वर्षाचे ३६,५०० झाले. त्यातला कराचा भाग अंदाजपत्रकात छापून येतो. त्याच्या बायकोने हातउसने काढलेले पैसे, पोरीची सुटलेली शाळा, पुढे सरकारी इस्पितळात यकृताच्या दुखण्यावर होणारा खर्च, हे कोणत्याही एका वहीत एकत्र मांडलेले मी पाहिले नाही. आणि निवडणुकीची दारू तर फुकट असते. २०१७ च्या फेब्रुवारीत, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या दिवसांत, नगर तालुक्यातल्या पांगरमलला अशी बनावट दारू पिऊन माणसे मेली.

आता बायकांच्या हातात एक उपाय आहे. गावातले दुकान बंद करावे म्हणून पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज केला, तर कलेक्टरच्या हुकमाने मतदान होते. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला मते मिळाली की दुकान बंद. राज्यात अनेक गावांनी दुकाने अशी बंद केली आहेत. परंतु नियम काय म्हणतो ते नीट वाचा. आलेल्या मतांपैकी निम्मी नव्हेत, तर यादीत नाव असलेल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. आमदाराला निवडून यायला इतकी लागत नाहीत. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत राहून गेले असेल, म्हातारी आजारी असेल, पाथर्डी-शेवगावकडची बाई कोयता घेऊन सहा महिने कारखान्याच्या तळावर असेल. यांतली कोणीही त्या दिवशी केंद्रावर आली नाही, तर तिचे न येणे उभ्या बाटलीच्या बाजूने मोजले जाते.